टॉर्कपेक्षा आधी ब्रेक आणि पेलोड बघा

ट्रेलर ओढायला कुठला पिकअप घ्यावा असं विचारलं की उत्तर येतं, टॉर्क (इंजिनची चाकं फिरवण्याची ताकद) भरपूर असला की कुठलाही डिझेल पिकअप ट्रेलर ओढेल. ओढेल, नक्की. पण सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढणं एक आणि परतताना तोच उतरणं वेगळं. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, तेव्हा खालचा गिअर आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेकच कामाला येतात. वर्षातून कधीमधी जाणार असलात तरी यात काटकसर नको.

पेलोडचा, म्हणजे गाडी स्वतःवर जास्तीत जास्त किती वजन घेऊ शकते याचा, मुद्दा या उत्तरात राहूनच जातो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर, म्हणजे ट्रेलर जोडतात तिथे, यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर डोलायला लागतो. म्हणजे १,२०० किलोच्या ट्रेलरचे १२० ते १८० किलो गाडीच्या पेलोडमधूनच जातात, वर माणसं आणि सामान आहेच. आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर आधी सामानासकट नुसती गाडी तोलली. मग ट्रेलर जोडून, त्याची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा तोलली. दोन पावत्यांतला फरक म्हणजे हुकवरचा भार. गाडी बुक करण्याआधी ओळखीच्या कुणाच्या पिकअपला ट्रेलर जोडून हे एकदा कराच.