मूकाभिनय: भाव पोचतो, पण वस्तू दिसत नाही. काय चुकतंय?

सांजसावली
७ मिनिटांचा एकपात्री मूकाभिनय बसवतोय. आई गेल्यावर मुलगा तिची ट्रंक उघडतो, तिचा स्वेटर काढतो, छातीशी धरतो. एवढीच गोष्ट. काल ४ जणांना करून दाखवली, तर तिघांना वाटलं ट्रंकेतून तान्हं बाळ निघालं. मला खरंच रडू येत होतं आणि समोरचे गोंधळलेले. शेवटी नुसते ओठ हलवून 'आई' म्हणू का? की चेहऱ्यावर अजून मेहनत घेऊ?

जुनीविंग
ओठ अजिबात हलवू नकोस. प्रेक्षक लगेच शब्द ओळखायच्या मागे लागतात आणि गोष्ट हातची जाते.

चेहराही राहू दे. फ्रेंच मूकाभिनेते एतिएन दक्रू (१८९८–१९९१) चेहऱ्यावर पातळ कापड घेऊन काम करायचे, म्हणजे सगळा भार धडावर येतो. रुमाल बांधून एकदा करून बघ. जे कळेनासं होईल, ते तू फक्त चेहऱ्याने ढकलत होतास.

बाळ का दिसलं? तू हातांची झोळी केली असणार. झोळी म्हटली की आत वजन आलं. स्वेटर लोंबतो. खांद्यांपाशी दोन्ही चिमटींत धर, हलकेच झटक, बाह्या सुटून खाली येऊ देत. तुझी नजर बाहीच्या टोकापर्यंत जाऊन थांबली पाहिजे. मग तो स्वतःच्या अंगाला लावून बघ. तो तुला लहान पडतो. आई केवढीशी होती हे तुला तिथेच कळतं, आणि छातीशी धरणं त्यानंतरचं.

आणि ट्रंकेचं झाकण! उघडताना ज्या उंचीवर सोडलंस, मिटताना हात बरोबर तिथेच गेला पाहिजे. अंग हललं तरी तो बिंदू हलता कामा नये. नाहीतर ट्रंकच नाहीशी होते.

घुंगरू
मी नृत्यातली. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पण' या नृत्याभिनयावरच्या संस्कृत ग्रंथातलं 'यतो हस्तस्ततो दृष्टिः' आम्ही लहानपणीच पाठ करतो: हात तिथे नजर, नजर तिथे मन, मन तिथे भाव, भाव तिथे रस. यातला क्रम बघ. भाव चौथा आहे. तू ट्रंक उघडतानाच रडवेला असशील, तर हाताला काय लागलं हे बघायला प्रेक्षकाला वेळच उरत नाही.

नवशिका
सरळ खराच स्वेटर घेतला तर?

जुनीविंग
मग तो एकाच्याच आईचा होईल. न दिसणाऱ्या स्वेटरला प्रत्येक जण आपापला रंग देतो. मला तरी ते फार मोलाचं वाटतं.

सांजसावली
आज रुमाल बांधून ५ वेळा केलं, मग त्याच चौघांसमोर रुमालाशिवाय. बाह्या खाली आल्या तेव्हा एकीचा हात आपसूक स्वतःच्या मनगटाकडे गेला. बाळाचं नाव कुणी काढलं नाही. अंगाला लावून बघताना मात्र मीच थांबलो, पुढचं करवेना. झाकण अजून दर वेळी चार बोटं वर जातंय. भिंतीवर खडूची खूण करून तेवढंच घोटतोय.