मदत हवी आहे : पाच छोटे शंख, पाच जाती. नावं कोणी सांगेल का? (शनिवारच्या आत)

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिने शंख-शिंपल्यांचं टेबल घेतलंय. बाकी सगळ्यांची लेबलं झाली, फक्त या छोट्या शंखांपाशी गाडी अडलीये. पाच जाती आहेत: एक पांढरा खडूसारखा, एक तपकिरी नागमोडी रेघांचा, एक गुलाबी, एक काळपट पट्ट्यांचा आणि एक पिवळसर ठिपकेवाला. बाई म्हणाल्या, नुसतं 'शंख' लिहिलेलं चालणार नाही, शास्त्रीय नाव आणि कुल हवं. दोन दिवस नेटवर शोधतेय, दर वेळी वेगळंच नाव येतं. फोटो जोडलाय. कृपया 'अमुक पुस्तक बघा' असं सांगू नका, आज बुधवार आहे.

खडपातला_खेकडा
फोटो वरून काढलाय, त्यात फक्त रंग दिसतो. तळाचा फोटो टाका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. कुठल्या किनाऱ्यावर मिळाले? पुळणीवर (वाळूत) की खडपात (खडकाळ भागात)? उचलले तेव्हा रिकामे होते ना?

मृण्मयी_कोथरूड
कोकणात मिळाले. छोटे आहेत, शर्टाच्या बटणाएवढे. रिकामेच होते. तळाचं काय एवढं? सगळ्यांचा तळ सारखाच आहे, फरक वरच्या बाजूला आहे म्हणून वरून फोटो काढला.

सचिन_डी
ताई, फोनमधल्या गूगल लेन्सने बघा, दोन सेकंदांत उत्तर. मी तुमचाच फोटो टाकून बघितला, 'सनडायल शेल' आलं, कुल आर्किटेक्टॉनिसिडी. लेबल लावून मोकळ्या व्हा.

निवृत्त_काका
नाव नंतर, आधी कायदा बघा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली बरेच शंख-शिंपले आले आहेत, त्यात ट्रोकस नावाचा शंख आहे. हे मला ट्रोकससारखे वाटतात. शाळेत मांडून मुलीला अडचणीत आणू नका.

मृण्मयी_कोथरूड
बापरे. आता काय करू?

उदरपाद
मृण्मयीताई, घाबरू नका. काका म्हणतात तो ट्रोकस निलोटिकस. तो दहा सेंटिमीटरच्याही वर वाढतो, आपल्याकडे अंदमान-निकोबारला मिळतो, त्याच्या जाड शिंपल्यापासून बटणं करायचे. तुमच्याकडचे सेंटिमीटरभराचे आहेत. दिसायला नातलग, पूर्वी कुलही एकच मानायचे, पण यादीतली ती एक जात म्हणजे अख्खं कुल नव्हे. काकांची काळजी मात्र रास्त आहे, यादी बघूनच संग्रह करावा.

आता मुख्य मुद्दा. 'सगळ्यांचा तळ सारखाच आहे' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण उत्तर तिथेच आहे. पाच रंग म्हणजे पाच जाती नव्हेत. तळाच्या मधोमध, जिथे नाभी (मधलं भोक) असायला हवी, तिथे गुळगुळीत, फुगीर, गुलाबीसर किंवा दुधट असा लाखेच्या ठिपक्यासारखा थर आहे का? असेल तर हा उंबोनियम व्हेस्टिअरियम. कुल ट्रोकिडी.

सचिन_डी
मग लेन्स चुकीचं सांगतंय का? माझ्याकडे नव्वद टक्के वेळा बरोबर येतं.

उदरपाद
सचिन, लेन्सने वरचीच बाजू बघितली, आणि वरून दोघेही चपटे, गोल, भोवऱ्यासारखे दिसतात. सनडायल उलटा केला की मधोमध खोल उघडं भोक दिसतं, आत गोल जिना उतरत गेल्यासारखं, कडेला दातेरी. उंबोनियममध्ये ते भोक बुजलेलं असतं. फोन त्याला दाखवलं तेच बघतो.

खडपातला_खेकडा
+१. पण मी अजून किनाऱ्याचं नाव विचारतोय. कोकण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे ताई.

मृण्मयी_कोथरूड
गुहागर. दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. लांबलचक वाळूचा किनारा, ओहोटीला पाण्याच्या कडेला खच पडला होता. तळाचे फोटो टाकलेत, नाणं ठेवून. गुलाबी ठिपका आहे!! चौघांना आहे. पिवळ्याचा मात्र तसा नाही, आधी नीट बघितलं नव्हतं, सॉरी. आणि पांढऱ्याचा ठिपकाही पांढराच आहे.
एक शंका. यांचं तोंड डावीकडे आहे. डावीकडे तोंड असलेला शंख दुर्मीळ असतो ना? लेबलवर लिहू का?

सुलभा_मावशी
अगं, दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ असतो, तो उजव्या बाजूला उघडतो. आमच्या देवघरात आहे, सासूबाईंच्या वेळचा. डावीकडचा तर नेहमीचाच, वामावर्ती. लिहू नकोस दुर्मीळ म्हणून.

उदरपाद
मावशी, तुमचं देवघरातलं म्हणणं बरोबर आहे आणि मृण्मयीताईंची गडबडही तिथूनच झाली आहे. पूजेत शंखाची निमुळती पन्हळ वर धरतात. प्राणिशास्त्रात उलट: शिखर वर, तोंड आपल्याकडे. तसं धरून तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. बहुतेक सगळे सागरी शंख उजवे असतात. त्यामुळे देवघरातला दक्षिणावर्ती हा प्राणिशास्त्राच्या भाषेत डावा ठरतो, आणि म्हणूनच दुर्मीळ. ताई, तुमचे शंख टोक खाली करून धरलेत. फिरवून बघा, तोंड उजवीकडे येईल.

सुलभा_मावशी
हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी लगेच जाऊन आमचा शंख दोन्ही बाजूंनी धरून बघितला. पण खरा दक्षिणावर्ती कसा ओळखायचा? बाजारात काहीही विकतात.

खडपातला_खेकडा
मावशी, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे मुलीचं प्रदर्शन आहे.

बागवेडा
गोगलगायींचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, पावसाळ्यात कुंड्यांमध्ये त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतात, त्यांचं काय करता? मी रात्री टॉर्च लावून हाताने वेचतो, मिठाने माती खराब होते. हातमोजे घालावेत.

मृण्मयी_कोथरूड
हो, आलं उजवीकडे! पण पांढऱ्याचं काय? तो रंगानेही वेगळा आणि चकाकीही नाही. आणि काळपट्टेवाल्याला एक बारीक गोल छिद्र आहे. मुलीला वाटतं कोणीतरी माळेत ओवला असेल.

आजीची_कोठी
चकाकी आणायची असेल तर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. आमच्याकडे तांब्याची भांडी अशीच उजळतात.

उदरपाद
कृपया असं करू नका! शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगर, लिंबू, चिंच, कुठलंही आम्ल लागलं की फेस येतो आणि वरचा थर विरघळतो. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. मृण्मयीताई, पांढऱ्याला काही लावलं होतं का? खरं सांगा.

मृण्मयी_कोथरूड
लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवला होता. वास येत होता म्हणून. फक्त तोच एक, बाकीच्यांना वेळ झाला नाही. मला वाटलं तो मुळातच पांढरा.

आजीची_कोठी
हे ठाऊक नव्हतं. मी कवड्याही अशाच धुतल्या आहेत, आता कळलं त्या खडबडीत का झाल्या.

उदरपाद
म्हणजे ती पाचवी जात स्वयंपाकघरात तयार झाली. तोही उंबोनियमच. मुलीला टेबलावर चकचकीत आणि लिंबातला शेजारी शेजारी ठेवू द्या, बघणाऱ्याला आम्लाचा परिणाम नुसत्या डोळ्यांनी कळेल.

आता छिद्र. भिंगाने बघा: कड बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलीये का, वाटीसारखी?

मृण्मयी_कोथरूड
हो! अगदी बशीसारखी कड आहे, आत टोचल्याएवढं भोक. मुलीने भिंग हातातून सोडलंच नाही.

उदरपाद
मग माळ वगैरे नाही. शिकार झाली आहे. नॅटिसिडी कुलातल्या, ज्यांना मून स्नेल म्हणतात, त्या वाळूखाली दुसऱ्या शंख-शिंपल्यांना पायात गुंडाळतात, आणि आम्लयुक्त स्राव सोडत काटेरी जिभेने खरवडत भोक पाडतात. मग आतला जीव खातात. अशी उतरती कड ही त्यांची खूण. म्युरेक्सच्या कुलातले शंखही भोक पाडतात, पण त्यांचं बहुधा सरळ भिंतीचं असतं.

आणि तुमचा पिवळा ठिपकेवाला फोटोत गोलगरगरीत आहे, तोंड अर्ध्या चंद्रासारखं. तो त्याच मून स्नेलच्या कुलातला आहे. त्यानेच हा मारला असं म्हणता येणार नाही, पण शिकारी कुल आणि शिकार दोन्ही तुमच्या टेबलावर आहेत.

खडपातला_खेकडा
मस्त. पिवळ्याची जात?

उदरपाद
नुसत्या फोटोवरून जात लिहिणार नाही. कुलापर्यंत थांबणं ही चूक नव्हे, रीतच आहे. लेबलवर लिहा: 'कुल नॅटिसिडी, जात निश्चित नाही'. बाईंनी विचारलं तर मुलीने ठामपणे सांगावं.

सचिन_डी
मान्य. पण उंबोनियम एकाच जातीत एवढे रंग कसे? गुलाबी आणि काळपट्टेवाला बघून कोणीही दोन म्हणेल.

उदरपाद
प्रश्न चांगला आहे. या जातीत रंग आणि नक्षी प्रचंड बदलते, एकाच किनाऱ्यावर, एकाच ढिगात. पण आकार, वेढ्यांची ठेवण आणि तळाचा थर बदलत नाही. जात ठरवताना न बदलणाऱ्या गोष्टी धरायच्या. ओंजळभर शंख असतील तर रंगाने न लावता एका रांगेत ठेवा: फिकटापासून गडदापर्यंत अधल्यामधल्या छटा सापडतात, दोन गट पडतच नाहीत.

आणखी एक, ही ट्रोकिडी कुलातली वेगळी गोगलगाय. नातलग बरेचसे दगडावरचं शेवाळ खरवडतात, ही वाळूत पुरून घेऊन पाण्यातले कण कल्ल्याने गाळून खाते. म्हणून पुळणीवर सापडते, खडपात नाही. खेकड्याने किनारा विचारला तो त्यासाठी.

निवृत्त_काका
ट्रोकसबाबत माझी घाई झाली. लेबलवर आणखी काय लिहायचं?

उदरपाद
नावापेक्षा ठिकाण आणि तारीख जास्त महत्त्वाची. नाव उद्या कोणी सुधारेल, पण कुठे आणि कधी मिळाला हे पुन्हा कळणार नाही. असं लिहा:

उंबोनियम व्हेस्टिअरियम (लिनियस, १७५८). संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, कुल ट्रोकिडी. गुहागर, वाळूचा किनारा, ओहोटीची रेषा. तारीख.

ही जात पहिल्यांदा नोंदवणाऱ्या लिनियसचं नाव कंसात असण्याचं कारण मुलीला सांगा: त्याने ती ट्रोकस प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) नोंदवली होती, नंतर ती उंबोनियममध्ये हलवली. प्रजाती बदलली की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. काकांना ट्रोकस वाटलं, तर लिनियसलाही तेच वाटलं होतं.

मृण्मयी_कोथरूड
तारीख सापडली, फोटोत होती. लेबल लिहून झालं, आता ती पिशवीत उरलेले धरून सगळे चाळीस शंख फिकटापासून गडदापर्यंत लावत बसलीये. अठ्ठावीस लावून झालेत आणि एकोणतिसाव्याला जागा सापडत नाहीये. त्याच्या कडेला मण्यांसारख्या गाठी आहेत, तळ मात्र तसाच. फोटो टाकू का?

उदरपाद
टाका. तळाचाच, आणि भिजवून, म्हणजे नक्षी नीट दिसेल.