फोनवर फॉर्म भरताना पान आपोआप मोठं का होतं?

प्रश्न: मी बनवलेल्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये आयफोनवर रकान्यात बोट टेकवलं की पान झूम होतं, 'पुढे'चं बटण स्क्रीनबाहेर जातं. व्ह्यूपोर्टमधून (पान स्क्रीनवर कसं बसवायचं ते सांगणारी कोडमधली ओळ) झूमच बंद करावा का?

उत्तर १: अजिबात नको! कमी दिसणाऱ्यांना तो लागतोच. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी (आयफोनचा ब्राउझर) पान मोठं करते. इनपुट (एका ओळीचा रकाना), टेक्स्टएरिया (अनेक ओळींचा), सिलेक्ट (यादीतून निवडायचा) तिन्हींचा फॉन्ट १६ पिक्सेल करा. सिलेक्ट हमखास राहून जातो.

उत्तर २: रकान्याचं नाव प्लेसहोल्डरमध्ये (रिकाम्या रकान्यात दिसणारा फिकट मजकूर) असेल तर तेही रकान्याबाहेर लिहा. टाइप करताच ते गायब होतं, मग भरलेलं तपासायचं कसं? ओटीपीच्या रकान्याला कोडमध्ये इनपुटमोड न्यूमेरिक द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. त्याऐवजी टाइप नंबर (रकान्याचा प्रकार 'संख्या') दिलात तर संगणकावर माउसच्या चाकाने आकडा बदलू शकतो.

प्रश्नकर्ता: सिलेक्टच १४ वर होता. झूम थांबला, आभार.