उपग्रह आहेत म्हणून आयएलएस मोडीत काढायची का?

मृण्मयी: “आयएलएस, म्हणजे जमिनीवरून रेडिओ संकेत देऊन विमानाला धावपट्टीवर आणणारी यंत्रणा, मागच्या शतकातली आहे, ती काढून सर्वत्र उपग्रहाधारित उतरण आणावी आणि खर्च वाचवावा,” हे इथे काल मांडलेले मत वाचून राहवले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे जीपीएसच्या आधारे येणाऱ्या काही विमानांना खोटे संकेत मिळाले आणि त्यांना पर्यायी पद्धत वापरावी लागली, हे सरकारनेच संसदेत सांगितले. जमिनीवरची पारंपरिक यंत्रणा असलेल्या इतर धावपट्ट्यांवर परिणाम झाला नाही, हेही त्याच उत्तरात आहे. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा संदेश खाली पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जवळचा साधा प्रक्षेपकही त्याला दाबून टाकतो. आयएलएसचा लोकलायझर, म्हणजे धावपट्टीच्या मध्यरेषेची दिशा दाखवणारा प्रक्षेपक, धावपट्टीच्या टोकाशीच उभा असतो. त्याला दडपणे इतके सोपे नाही.

अभय: ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. दिल्लीत एकही विमान पडले नाही, मग एवढा गहजब कशासाठी? आयएलएस बसवायला पैसा लागतो, उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या ग्लाइड स्लोपच्या अँटेनासमोर सपाट जमीन लागते आणि वेळोवेळी खास विमान उडवून तिची तपासणी करावी लागते. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला ‘गगन’च्या, म्हणजे जीपीएस अधिक अचूक करणाऱ्या भारतीय उपग्रह प्रणालीच्या, आधारे उतरले. लहान गावांना धुक्या-पावसात विमान हवे असेल, तर मार्ग हाच आहे. महानगरात बसून आयएलएसचे गोडवे गाणे सोपे असते.

उत्तरवासी: अभयराव, एस्टोनियातले टार्टूही लहानच गाव आहे. एप्रिल २०२४ मध्ये हेलसिंकीहून तिकडे गेलेली फिनएअरची दोन विमाने लागोपाठच्या दिवशी जीपीएसमधील व्यत्ययामुळे न उतरताच परतली, कारण तिथली उतरण जीपीएसवरच अवलंबून होती. जीपीएसविना उतरण्याची पद्धत तयार होईपर्यंत ती सेवा महिनाभर बंद राहिली. विमान पडले नाही, पण गावाचे विमान गेलेच.

जुना रेडिओवाला: तुम्ही सगळे फांद्या छाटत बसला आहात. मूळ दुखणे परक्या उपग्रहांवर विसंबण्याचे आहे. ‘नाविक’ ही आपली स्वतःची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा सर्व विमानांत सक्तीची करा, प्रश्न मिटेल.

मृण्मयी: काका, मिटणार नाही. ‘नाविक’चे उपग्रह तर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत, त्यांचाही संदेश तितकाच नाजूक असतो. शिवाय सुरुवातीच्या उपग्रहांतली आण्विक घड्याळे बिघडली, ऑगस्ट २०१७ मध्ये एक उपग्रह रॉकेटचे उष्णताकवच न उघडल्याने आतच अडकला, आणि जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ हा उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

जुना रेडिओवाला: आपल्याच शास्त्रज्ञांच्या अपयशांची यादी वाचून दाखवण्यात कसला आनंद आहे? उभी हयात मी रेडिओ यंत्रणांवर घालवली आहे. मला संदेशाची ताकद शिकवू नका. स्वतःची व्यवस्था हाती असणे हीच मोठी गोष्ट आहे.

मृण्मयी: आनंद नाही, काळजी आहे. देशाभिमानाने जॅमिंग, म्हणजे संदेश दाबून टाकणे, थांबत नाही.

उजवी खुर्ची: वाद वाढण्याआधी कॉकपिटमधले सांगतो. पश्चिम आशियावरून जाताना आम्ही ३५,००० फुटांवर होतो, खाली डोंगराचा मागमूस नव्हता, आणि अचानक “पुल अप, पुल अप” अशी हाक सुरू झाली. जमिनीची सूचना देणारी यंत्रणा आपले स्थान जीपीएसकडूनच घेते. घड्याळ भलतीच वेळ दाखवू लागले आणि नकाशावरचे विमान दुसरीकडेच गेले. त्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावरही सगळे पूर्ववत झाले नाही; बिघडलेले स्थान घेऊनच आम्ही उतरायला आलो. खोट्या हाकेकडे दुर्लक्ष करायची सवय वैमानिकाला लागली, तर खरी हाक येईल तेव्हा तो ऐकेल का? त्या रात्री समोर आयएलएस होती. लोकलायझर आणि ग्लाइड स्लोपच्या खुणा मध्यावर स्थिर झाल्या तेव्हा आम्हा दोघांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. अभय साहेब, एकही विमान पडले नाही, कारण दुसरा आधार शिल्लक होता.

अभय: ठीक आहे. मोठ्या विमानतळांवरची, आणि मुक्कामी उतरता आले नाही तर जायच्या पर्यायी विमानतळांवरची आयएलएस काढू नये, एवढे मान्य करतो. सरसकट मोडीत काढा हे मागे घेतो. पण जिथे ती कधीच बसणार नाही, तिथली उपग्रहाधारित उतरण भीतीपोटी अडवू नका.

मृण्मयी: अडवा असे मी म्हटलेच नव्हते. पण मग अशा गावाला निघालेल्या विमानाचा पर्यायी विमानतळ आयएलएस असलेलाच हवा आणि तिथवर पुरेल इतके इंधन टाकीत हवे. त्या जादा इंधनाचा खर्च तुमच्या बचतीच्या हिशेबात धरला आहे का?

जुना रेडिओवाला: ‘नाविक’वर मला अजून उत्तर मिळालेले नाही.