मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये जाऊबाईंसाठी इंग्रजीचा वर्ग

नमस्कार मंडळी. माझ्या जाऊबाई पार्टनर व्हिसावर सांगलीहून इथे आल्यात. तिकडे शिवणकामाचं दुकान चालवायच्या, हिशोबाला पक्क्या. इंग्रजी वाचतात, पण फोन वाजला की माझ्या हातात देतात. परवा दुकानातल्या मुलीने "हाउ आर यू गोइंग?" (इथे याचा अर्थ 'कशा आहात?') विचारलं, तर म्हणाल्या, "बाय ट्राम"! हसलो खूप, पण त्यानंतर त्या एकट्या बाहेर पडेनात.

सरकारचा मोफत एएमईपी (स्थलांतरित प्रौढांसाठी इंग्रजी) वर्ग माहीत आहे. 510 तासांची जुनी मर्यादा 2021 मध्ये काढली, वर्गाच्या वेळेत लहान मुलांना सांभाळायची सोयही असते. (जाऊबाईंचा धाकटा अडीच वर्षांचा आहे, म्हणून हे महत्त्वाचं.) पण नोकरी शोधणाऱ्यांसाठी एसईई (शिक्षण-नोकरीसाठी कौशल्यं शिकवणारा सरकारी कार्यक्रम) पण आहे म्हणे. त्यांना शिवणकामातच नोकरी हवीय, मग आधी कुठे जावं? पश्चिमेकडे, वेरिबी-टार्नेटजवळ कुणी शिकलंय का? पाळणाघराला किती थांबावं लागलं? एएमईपीत स्वयंसेवक शिक्षक एकेकट्याला शिकवतात, तो अनुभव कसा आहे? वर्गात पहिल्याच दिवशी बोलायला लावतात का, हा जाऊबाईंचा स्वतःचा प्रश्न. त्याचं उत्तर आधी द्या, प्लीज.