१४५ नसले तरी सरकार चालतं: २०१४ चा हिशोब

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ च्या निकालाबद्दल दोन मुद्दे मांडले जातात: २८८ पैकी १४५ आमदारांचा (निम्म्याहून एक जास्त) आकडा नसेल तर सरकार बनतच नाही, आणि २०१४ ला भाजपची मतं दुप्पट झाली. दोन्ही अर्धवट आहेत.

मतांचं आधी. २००९ मध्ये १४ टक्के, २०१४ मध्ये जवळपास २८. पण २००९ ला शिवसेनेबरोबरच्या युतीत भाजपने ११९ जागाच लढवल्या होत्या. युती तुटल्यावर २६० च्या आसपास. जिथे आधी कमळ चिन्हच नव्हतं तिथली मतंही या वाढीत आहेत. मतदार खरोखर किती सरकला हे बघायचं तर दोन्ही वेळा लढवलेल्या जागाच तपासा, राज्याची टक्केवारी फसवते.

आता बहुमत. राज्यघटनेच्या कलम १८९ नुसार हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं, एकूण सदस्यांचं नाही. २०१४ च्या जागा: भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. राष्ट्रवादीचे ४१ तटस्थ राहिले, म्हणजे त्यांनी मतच दिलं नाही, तर २८८ पैकी उरतात २४७, म्हणजे १२४ पुरतात (अध्यक्षांचं मत इथे वेगळं काढलेलं नाही). दोन-चार अपक्ष मिळाले की झालं! म्हणून बाहेरून पाठिंब्याइतकीच तटस्थताही मोलाची.

१२ नोव्हेंबर २०१४ ला भाजप सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. माझ्या मते हे चूकच होतं. विश्वासदर्शक ठरावावर मतविभागणी (प्रत्येक आमदाराचं मत मोजून नोंदवणं) हवीच, नाहीतर कोण कुठे उभं होतं याची नोंदच राहत नाही. खरी कसोटी पुढे अर्थसंकल्पाला लागली असती, कारण अनुदानाची मागणी (खात्यांच्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली मंजुरी) फेटाळली गेली तर सरकारला जावं लागतं. ५ डिसेंबरला शिवसेना सरकारात आली आणि ती वेळ टळली.