मदत हवी आहे: श्वसनविषाणूंची रॅपिड टेस्ट हॉस्पिटलमध्येच सुरू करायची आहे, ट्रस्टींना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. पावसाळा लागला की तापखोकल्याचे पेशंट वाढतात आणि कोणाला कुठल्या बेडवर ठेवायचं, यावरून रोज ओढाताण होते.

सध्या आमच्याकडे काय चालतं ते सांगते. संध्याकाळी धाप लागलेलं तान्हं बाळ येतं. स्वॅब घेऊन व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळीत टाकतो, नळी बर्फाच्या पेटीत. बाहेरच्या लॅबचा माणूस ती सकाळी घेऊन जातो. पीसीआरला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) खरं तर काही तासच लागतात, पण तिकडे पुरेसे नमुने जमल्याशिवाय मशीन लावत नाहीत. रिपोर्ट हातात पडेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात आणि तोवर बाळ जनरल वॉर्डातच. गेल्या मोसमात असंच एक आरएसव्हीचं (तान्ह्या बाळांना धाप लावणाऱ्या श्वसनविषाणूचं) बाळ, हृदयाला जन्मजात छिद्र असलेल्या छोटीच्या शेजारी होतं. दोघांच्या आया एकाच बेसिनवर दुधाच्या वाट्या धूत होत्या. रिपोर्ट आला तेव्हा छोटी खोकायला लागली होती. लागण तिथूनच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण पहिल्याच रात्री कळलं असतं तर ते बाळ त्या बेडवर नक्कीच नसतं.

ट्रस्टींचं म्हणणं, आरएसव्हीवर औषध नाही, ऑक्सिजन आणि सलाईन तसंही देताच, मग एवढा खर्च कशाला? औषध नाही, कबूल. पण आयसोलेशनच्या खोल्या दोनच आहेत, त्या कोणाला द्यायच्या हे तर त्याच रात्री ठरवावं लागतं ना? शिवाय फ्लूवर औषध आहे. ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं आणि आमचे बरेचसे पेशंट दुसऱ्या दिवशीच येतात. गंभीर पेशंटला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात, तेच बरोबर आहे. अडतं ते मधल्या, म्हणजे फार गंभीरही नाहीत आणि अगदी किरकोळही नाहीत अशा पेशंटचं.

२००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्याच शहरात झाला. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) गावात असूनही रिपोर्टची वाट बघणं काय असतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

तर अँटिजेन कार्ड (विषाणूचं प्रथिन ओळखणारी झटपट पट्टी) घ्यावं की कार्ट्रिजवालं पीसीआर मशीन (नमुने जमायची वाट न बघता एकेक नमुना तपासणारं)? आणि व्यवस्थापनापुढे नेमकं काय मांडू?

प्रतिसाद (मायक्रोबायोलॉजीवाला)

सिस्टर, कार्ड स्वस्त आहे, पंधरा मिनिटांत निकाल देतं. पॉझिटिव्ह आलं तर बहुतेक वेळा विश्वास ठेवा. निगेटिव्ह आलं म्हणून मात्र पेशंटला आयसोलेशनमधून काढू नका. मोठ्यांमधला फ्लू त्यातून बराच निसटतो. लहान मुलांच्या नाकात विषाणू जास्त असतो, त्यामुळे तिथे ते बरं चालतं. कार्ट्रिजचं मशीन साधारण तासाभरात सांगतं आणि ते खूपच भरवशाचं आहे.

ट्रस्टींना "अँटिबायोटिक कमी होतील" असं वचन देऊ नका. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला ७२० प्रौढ पेशंटवर चाचणी झाली होती, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. रॅपिड टेस्ट केलेल्यांत ८४ टक्क्यांना अँटिबायोटिक मिळालं, न केलेल्यांत ८३ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. पण हॉस्पिटलातला मुक्काम सरासरी ६.८ वरून ५.७ दिवसांवर आला आणि फ्लूचं औषध योग्य पेशंटला जास्त वेळा मिळालं. बेड लवकर मोकळा होतो, हे गणित ट्रस्टींना पटकन कळेल.

प्रतिसाद (बालरोग, रेसिडेंट)

मशीन लॅबमध्ये ठेवाल आणि लॅब रात्री आठला बंद होत असेल, तर पैसे पाण्यात. धाप लागलेली मुलं रात्रीच येतात. कॅज्युअल्टीत ठेवा. रिपोर्ट कोणी कोणाला फोन करून सांगायचा आणि बेड हलवायचा अधिकार कोणाचा, हे आधी लिहून घ्या. आमच्याकडे रिपोर्ट वेळेवर यायचा, पण कॉम्प्युटरवरच पडून राहायचा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुक्कामाचे आकडे उद्याच्या मीटिंगमध्ये मांडते. बेड हलवायचा अधिकार रात्री ड्युटीवरच्या सिस्टरला मिळावा असं मला वाटतं, सुपरवायझरला उठवण्यात वेळ जातो. कोणाच्या हॉस्पिटलमध्ये असा लेखी नियम असेल तर त्यातला मजकूर इथे टाकाल का? आणि कॅज्युअल्टीतल्या नर्सना मशीन शिकवल्यावर त्यांचं काम बरोबर होतंय का, हे लॅब कसं तपासते?